मांडीचा दिवस

पनवेलमधल्या जितक्या बायकांच्या हातचं मी जेवले आहे तितक्यांच्या हातचं दुसरं कुणी जेवलं असेल असं मला वाटत नाही, आणि तेही चालत्या गाडीत, मांडी घालून. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलची ती रीतच होती. शिकायला आलेल्या बाईचा शेवटचा धडा असेल त्या दिवशी ती घरून डबा करून आणायची. शिकवणारीनं शेजारच्या सीटवर चपला काढून मांडी घालायची, डबा उघडायचा आणि ती बाई गाडी चालवत असताना तो सावकाश संपवायचा. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटपाशीही एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला असतो. मांडी घातली की पाय तिथे पोचत नाहीत, म्हणजे त्या दिवशी गाडी खरोखर तिची एकटीची. याला आम्ही ‘मांडीचा दिवस’ म्हणायचो. बँकेतल्या बायका साबुदाणेवडे आणायच्या, मोहल्ल्यातल्या रुबीनाआपांनी आणलेली सांदणं इतकी मऊ होती की मी खड्डे मोजायला विसरले, आणि एका मुख्याध्यापिकेनं नुसताच दहीभात आणला तेव्हा शकूताईनं तिला तोंडावर सांगितलं की गाडीत पास, डब्यात नापास.

शकूताई म्हणजे स्कूलची मालकीण. उरणकडच्या मिठागरवाल्यांची मुलगी. बापाचा मिठाची पोती वाहायचा टेम्पो होता, तो तिनं मिठागराच्या बांधावर चालवायला घेतला तेव्हा तिचे पाय जेमतेम पेडलपर्यंत पोचायचे. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला मिठाचं पाणी, मध्ये टेम्पोपुरती वाट. ज्याला तिथे रिव्हर्स घेता आला त्याला जगात कुठेही घेता येतो, असं ती म्हणायची आणि ते खरंच होतं. पनवेलात येऊन तिनं एक जुनी गाडी घेतली, ‘फक्त महिलांसाठी’ असा बोर्ड रंगवून घेतला आणि बाजारातल्या पुरुषांनी केलेली सगळी चेष्टा शांतपणे ऐकून घेतली. साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायात कॅनव्हासचे बूट, तोंडात बडीशेप. शहरातल्या बायकांशी ती छापील मराठी बोलायची आणि आमच्याशी घरची. शिकणाऱ्या बाईला ती कधी म्हणजे कधीच ओरडली नाही. ओरडायची ती शिकवणाऱ्यांना. शिकणारी चुकली की आधी शिकवणारीला जाब, हा तिचा कायदा होता आणि त्यावर अपील नव्हतं.

मी बारावी झाले आणि पुढे काय करायचं ते ठरत नव्हतं तेव्हा तिच्याकडे फोन उचलायला म्हणून लागले. थोड्याच महिन्यांत तिनं मला गाडीत बसवलं. का, ते मी तिला पुष्कळ वर्षांनी विचारलं. ती म्हणाली, तू फोनवर लोकांना पत्ता नीट सांगायचीस. एवढंच. मी शिकले, लायसन मिळालं, मग शकूताईच्या हाताखाली शिकवायलाही लागले, पण गाडी तिची, विद्यार्थिनी तिच्या, मी उमेदवार. तिनं दुसरी गाडी घेऊन ठेवली होती, जुनीच पण इंजिनानं ठणठणीत, ती गॅरेजमध्ये कापडाखाली उभी होती. तुझा पहिला मांडीचा दिवस नीट झाला की ही गाडी नंबर दोन तुझी, असं शकूताईनं मला सांगून ठेवलं होतं. तुझी म्हणजे तिच्यावर कोण शिकणार, किती वाजता निघणार, कुठे जाणार, सगळं मी ठरवायचं. एकविसाव्या वर्षी मला दुसरं काही नको होतं.

आमचं घर शिरढोणच्या अलीकडे, हायवेपासून थोडं आत. शेती होती तोवर घरात भाताचा वास असायचा. मग शेतांचे प्लॉट झाले आणि बाबांकडे दिवसभर पांढऱ्या शर्टातली माणसं चहाला येऊन बसायला लागली. दादानं मोठी पांढरी गाडी घेतली. ती मागे घेताना तिच्यातून आरतीची चाल वाजायची, त्यामुळे दादा घरी आला हे अख्ख्या आळीला कळायचं. ती गाडी घरातल्या बाईच्या हातात द्यायची पद्धत नव्हती. मी पनवेलात बायकांना गाडी शिकवते आणि घरच्या गाडीला फक्त फडकं मारते, यात कुणाला काही चमत्कारिक वाटत नव्हतं. मला वाटायचं, आणि मी ते जेवताना बोलायचेही. मग दादा ताटावरून उठायचा आणि बाबा म्हणायचे, हिला गप्प करा कुणीतरी. बाबांनी मुदतच घातली होती. शकूताईची ती गाडी हातात आली तर आणखी दोन वर्षं थांबू, नाही आली तर दिवाळीनंतर उरणच्या पाहुण्यांना होकार कळवायचा. पाहुणे चांगले होते, मुलगाही वाईट नव्हता, पण त्यांच्याकडे सुनांनी बाहेर काम करायचं नव्हतं.

घरातला खरा आवाज मात्र त्या आरतीचा नव्हता, भाकऱ्या थापण्याचा होता. शेती गेल्यावर आई काही दिवस रिकामी बसली आणि तिला ते झेपलं नाही. तिनं आळीतल्या सहा-सात जणींना गोळा केलं आणि आमच्या पडवीत तांदळाच्या भाकऱ्यांचा कारखाना उघडला. उकळत्या पाण्यात पीठ पडायचं, उकड मळली जायची, मग परातींत थप थप थप, एकीची थाप दुसरीच्या थापेत मिसळून जायची. पळस्प्याच्या नाक्यावरच्या ढाब्यांना या भाकऱ्या जायच्या. न फुगलेली भाकरी आई टोपलीत जाऊ देत नसे, भाजणारी तिची सख्खी जाऊ असली तरी. सगळं सुरळीत होतं, फक्त टेम्पोवाला जाग आली की यायचा. तांदळाची भाकरी दोन तासांत वातड होते आणि मग ती ढाब्यावरचं कुत्रंही खात नाही. ढाबेवाल्यानं शेवटचं सांगितलं की आणखी एकदा उशीर झाला तर मी दुसरीकडून घेईन. दादाला सवड नव्हती. तेव्हा एका सकाळी आई पदर खोचून शकूताईच्या ऑफिसात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, मना टेम्पो शिकायचाय. शकूताईनं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आईला माझ्या नावावर लावलं.

आईनं जन्मात सायकल चालवली नव्हती. गाडीला ती बैलासारखी बोलायची. वळणावर ‘हो हो हो’, चढावर ‘चल माज्ये बाय’. पण हात पक्का होता. रोज तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणाऱ्या बाईला गिअर काय घाबरवणार. आणि आमचे धडे इतके गोड चालले की मला स्वतःचंच कौतुक वाटायला लागलं. गाडी कधी बंद पडली नाही, कधी धक्का बसला नाही. आई घरी येऊन सगळ्यांना सांगायची, गाडी लय गुनी हाय, मनात आनलं का थांबते. पडवीतल्या बायका हसायच्या, मीही हसायचे. गाडी का थांबते ते मला माहीत होतं. माझा डावा पाय क्लचवर आणि उजवा ब्रेकवर, आईच्या आधी. दुसऱ्या कुणाच्या वेळी मी इतकं करत नव्हते, पण समोरून डंपर आला की मला शेजारी विद्यार्थिनी दिसायचीच नाही, आई दिसायची. शकूताईनंही एकदा तो गुणी गाडीचा किस्सा ऐकला. ती हसली नाही. तिनं टेबलाखाली माझ्या पायांकडे बघितलं आणि बडीशेपेचा डबा पुढे केला.

आईचा मांडीचा दिवस आला, आणि शिकवणारी म्हणून माझाही पहिलाच. रविवारची सकाळ, रस्ता त्यातल्या त्यात मोकळा. आईनं स्वतःच्या मुलीसाठी डबा केला होता, पण अगदी परक्या बाईसाठी करावा तसा साग्रसंगीत. तांदळाची भाकरी, कांद्यात परतलेली सुकट, वालाचं बिरडं, वर आंब्याच्या लोणच्याची फोड. मी चपला काढल्या, मांडी घातली, डबा मांडीवर ठेवला. शकूताई मागच्या सीटवर. मांडीच्या दिवशी ती नेहमी मागे बसायची, एक अक्षर बोलायची नाही. आई गावातून निघाली, हायवेला लागली, गिअर बदलताना खटकाही आला नाही. मी भाकरीचा तुकडा मोडला होता. इतक्यात पळस्प्याच्या नाक्यावर एक लांबलचक ट्रेलर बंदराच्या रस्त्यानं आला आणि आमच्यासमोर वळायला लागला. त्याचं शेपूट संपतच नव्हतं. माझी मांडी कधी सुटली मला कळलं नाही. डबा उपडा झाला, बिरडं पायपुसण्यावर, आणि माझा अनवाणी पाय ब्रेकवर. नुसत्याच ब्रेकवर, क्लच राहूनच गेला. गाडीनं आचका दिला आणि भर नाक्यात बंद पडली.

मागून हॉर्न सुरू झाले. एक रिक्षावाला बाजूनं जाताना आमच्या आयांची चौकशी करून गेला. ट्रेलर तर केव्हाच आपल्या वाटेनं निघून गेला होता, आमच्यात आणि त्याच्यात अख्खी दुसरी गाडी मावली असती. आईनं ट्रेलरकडे पाहिलं नाही, हॉर्नकडे लक्ष दिलं नाही. तिनं खाली माझ्या पायाकडे पाहिलं.

“पाय वर घे,” ती म्हणाली.

लहानपणी ओल्या सारवणावर पाऊल ठेवलं की ती याच आवाजात सांगायची. मी पाय वर घेतला. आईनं गिअर सोडवला, चावी फिरवली, क्लच सावकाश सोडत गाडी नाक्यातून काढली, पुढून वळवून परत आणली आणि ढाब्याच्या आवारात चिंचेखाली अशी लावली की चारही दारं मोकळी उघडावीत.

मांडीच्या दिवसाचा आणखी एक नियम होता आणि तो सगळ्यात अवघड होता. शिकणारी पास की नापास हे शिकवणारी सांगायची, पण शिकवणारीचा निकाल शिकणारी सांगायची, तिच्या तोंडावर. शकूताई खाली उतरली, आईच्या समोर उभी राहिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, हिच्या हातात गाडी देऊ का. मी निर्धास्त होते. काही झालं तरी ती माझी आई होती आणि घरी बाबांनी काय ठरवलंय ते तिला माझ्याहून जास्त माहीत होतं.

“नाय,” आई म्हणाली. “अजून नाय.”

मी त्या दोघींशी न बोलता नाक्यावरून सहा आसनी रिक्षा पकडली आणि वाटभर रडले. दुःखानं नाही, संतापानं. शेजारच्या बाईनं मला विचारलं, कुणी गेलं का. मी म्हटलं, हो.

दुपारी घरी पोचले तेव्हा आई पडवीत होती, जसं काही झालंच नाही. आळीत नवी लग्न होऊन आलेली कांता तिच्यापुढे बसली होती, भाकरी शिकायला. आईनं आपला हात कांताच्या हातावर ठेवला, दोघींचा मिळून एक हात परातीत फिरला, भाकरी वाढत गेली. मग आईनं हात काढून घेतला. भाकरी कडेनं फाटली. कांता बावरली. आईनं ती फाटकी भाकरी तशीच तव्यावर टाकली, भाजली आणि सुकटीच्या चटणीशी स्वतः खायला बसली. ही त्या पडवीची रीत मी रोज बघत आले होते, मोडलेली भाकरी शिकवणारीनं खायची. टोपलीत ठेवायची नाही, शिकणारीच्या ताटात वाढायची नाही. नवी मुलगी आली की आईचं पंधरा दिवस दुसरं जेवण नसायचं. खाता खाता, माझ्याकडे न बघता ती बोलली.

“कांतानं सकालपास्नं किती मोडल्या, मी मोजल्या नाय. तू मना एक पन मोडू दिली नाय. मंग मना कसं कलायचं, गाडी मी चालवते का तू?”

मला माफी मागावीशी वाटली नाही. मला भूक लागली होती. मी तिच्या ताटातला फाटका तुकडा उचलून खाल्ला. संध्याकाळी बाबांना कळलं, तेव्हा ते म्हणाले, चला, प्रश्न मिटला, पाहुण्यांना फोन लावतो. आई चुलीपाशी होती. ती उठलीही नाही. तिथूनच म्हणाली, तिचं अजून झालं नाय म्हटलं मी, होनार नाय असं कवा म्हटलं. फोन लावला गेला नाही. आईनं मला नापास केलं आणि त्याच दिवशी माझी बाजू घेतली, यात तिला काहीच विसंगत वाटत नव्हतं. मला ते समजायला मात्र स्वतःच्या हाताखाली दोन-तीन मुली याव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले ती सोडून जायचं ठरवूनच. शकूताईनं मला गाडीपाशी नेलं आणि मागचं दार उघडून ती बसायची त्या जागेचं पायपुसणं उचललं. खाली गाडीच्या तळाला चिकटवलेलं जाड कापड टाचेएवढं झिजून पार पत्र्यापर्यंत गेलं होतं. मांडीच्या दिवशी मागे बसून ती जिथे पाय रोवायची, ती जागा. “मी मागं का बसते वाटलं तुना?” ती म्हणाली. “पुढं बसले असते तर काल तुज्या आदी मीच दाबला असता. पाय सगल्यांचाच जातो, रंजे. तो जाईल तिथं ब्रेक ठेवायचा नाय.” मग तिनं सांगितलं की गाडी नंबर दोन भाड्यानं मागायला एक जण आला होता आणि तिनं ती द्यायची नाही म्हणून कळवलं आहे. ती कुणासाठी ठेवली आहे ते ती बोलली नाही. मी राजीनाम्याचं बोलले नाही. पायपुसण्यावरचं बिरडं तिनं आदल्या दिवशीच धुऊन काढलं होतं.

आईला लायसन मिळालं. दादाच्या पांढऱ्या गाडीशेजारी आता भाकऱ्यांचा टेम्पो उभा राहायला लागला, आणि तो मागे घेताना आरती वाजत नव्हती, आई स्वतः ओरडायची. मग आईला आणखी एक ड्रायव्हर हवी झाली आणि तिनं कांताला पाठवलं. शकूताईनं तिलाही माझ्याच नावावर लावलं. या वेळी मी मैदानातल्या पहिल्या दिवसापासून पाय सीटखाली ओढून बसले. कांतानं गाडी इतक्या वेळा बंद पाडली की मैदानात क्रिकेट खेळणारी पोरं मोठ्यानं स्कोअर सांगायला लागली. तिनं मुरमाच्या ढिगात गाडी घातली, पुढचा दिवा फुटला, ते मी शकूताईला सांगितलं आणि शकूताईनं फक्त विचारलं, तुझा पाय कुठं होता. मी म्हटलं, सीटखाली. ती म्हणाली, मग बरं.

हल्ली पळस्प्याचा तो नाका ओळखू येत नाही, पूल झाले, आणि वर बघावं तर विमानं उतरत असतात. हल्लीच्या मुलींना मी मांडीच्या दिवशी नाक्यावर जाऊ देत नाही, आतल्या रस्त्यावर पाठवते. शकूताई असती तर याला भित्रेपणा म्हणाली असती. माझे गुडघे आता मांडी घालू देत नाहीत, त्यामुळे पुढे आमच्या शिकवणाऱ्या बसतात आणि मी मागे. माझ्याही पायपुसण्याखाली एक जागा झिजली आहे. गाड्या आता पाच आहेत, त्यांवर पाच पोरी शिकवतात, आणि त्यातली एकही पहिल्या फटक्यात पास झालेली नाही. ज्या झाल्या त्यांना मी ठेवलं नाही.

पण सांगायचा राहिला तो तेव्हाचा कांताचा मांडीचा दिवस. ती डबा घेऊन आली. तिनं स्वतः थापलेली, कडेला कुठेही न फाटलेली भाकरी त्यात होती असं ती म्हणाली, आणि बरोबर भरलेले बोंबील. शकूताई मागे बसली. कांता गावातून नीट निघाली आणि बरोबर त्याच नाक्यावर, हिरवा दिवा लागल्यावर, तिनं गाडी बंद पाडली. मागे एक ट्रक, डावीकडे एस.टी., सगळ्यांनी हॉर्नवर हात ठेवले. माझ्या पोटऱ्या आवळल्या, मांडी जिथल्या तिथे राहिली. मी बोंबलाचा काटा काढला, घास केला, चावला. कांतानं माझ्याकडे पाहिलं, मी दुसरा घास केला. तिनं पुन्हा चावी फिरवली आणि गाडी पुन्हा बंद पडली. मी भाकरी मोडली. माझ्या मागे शकूताईची टाच पत्र्यावर रुतल्याचा आवाज मला स्पष्ट आला. मग कांतानं एक मोठा श्वास घेतला, क्लच पूर्ण दाबला, चावी फिरवली, क्लच सावकाश सोडला, आणि गाडी सुटली. त्या बोंबलांची चव कशी होती ते मला आजही सांगता येणार नाही. इतक्या डब्यांतला तो एकच डबा असा आहे.

चिंचेखाली गाडी लागली. शकूताई उतरली, कांताच्या समोर उभी राहिली आणि विचारलं, हिच्या हातात गाडी देऊ का.

कांता अजून धापा टाकत होती. तिनं माझ्या मांडीवरच्या डब्यात वाकून पाहिलं. डब्यात काटे होते, दुसरं काही नव्हतं.

“द्या,” ती म्हणाली. “पन हिला सांगा, मी तिकडं मरत व्हते आनि हिनं माज्यासाठी एक घास पन ठेवला नाय.”

शकूताईनं कमरेला खोचलेली गाडी नंबर दोनची चावी काढली आणि त्या रिकाम्या डब्यात टाकली.